लोह ऑक्साइडांवरील अधिशोषण आणि परभणीच्या काळ्या मृदेतील जस्त

परभणी जिल्ह्यातील काळ्या मृदेत जस्ताची कमतरता वारंवार आढळते. नवल असे की, या मृदेत एकूण जस्त पुरेसे असूनही पिकाला त्यातील अत्यल्प भागच मिळतो. उरलेले जस्त कोठे अडते, याचे एक उत्तर धातू ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर सापडते.

दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होताना त्यातील बरेच लोह गोएथाइट, हेमॅटाइट अशा ऑक्साइडांच्या रूपाने मृदेत राहते. त्यांचे प्रमाण काळ्या मृदेत फार नसले, तरी कण अतिसूक्ष्म असल्याने एक ग्रॅम गोएथाइटचा पृष्ठभाग २० ते १०० चौरस मीटर भरू शकतो. कणाच्या आत प्रत्येक लोह अणूभोवती सहा ऑक्सिजन अणू असतात. पृष्ठभागावर मात्र हा वेढा अपुरा पडतो. ही उणीव पाण्याचे रेणू भरून काढतात व त्यांच्या विघटनातून तेथे हायड्रॉक्सिल गट तयार होतात. जस्ताचा आयन या गटातील प्रोटॉनला बाजूस सारून ऑक्सिजनशी थेट बंध जोडतो. हे केवळ विद्युतभाराचे आकर्षण नव्हे, कारण पृष्ठभाग धनभारित असतानाही धनभारित जस्त त्यावर बसते. सामू वाढला की प्रोटॉन सुटणे सुलभ होते आणि अधिशोषण झपाट्याने वाढते. येथील चुनखडीयुक्त मृदांचा सामू तर बहुधा ८ च्या आसपास असतो. अर्थात स्मेक्टाइट चिकणमाती व मुक्त चुना हेही जस्त धरून ठेवतात. सारा दोष ऑक्साइडांच्या माथी मारणे शास्त्रीय ठरणार नाही.

फॉस्फेट आयनाची रीत निराळी आहे. तो हायड्रॉक्सिल गटालाच हटवून त्याची जागा घेतो व पृष्ठभागाचा ऋणभार वाढवितो; परिणामी जस्ताचे अधिशोषण आणखी वाढू शकते.

लिंडसे व नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली डीटीपीए चाचणी नेमकी येथे उपयोगी पडते. डीटीपीएचा रेणू जस्ताला कवेत घेऊन द्रावणात आणतो, परंतु सैल धरलेले जस्तच त्याच्या हाती लागते. हे प्रमाण एक किलोग्रॅम मृदेमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास कमतरता मानली जाते.

झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये २१ टक्के जस्त असते. म्हणजे २५ किलोमागे सव्वापाच किलो. त्यातील बराच भाग पृष्ठभागावर अडकतो, पण तो सर्वस्वी वाया जात नाही. मुळांनी द्रावणातील जस्त उचलले की त्याचा काही अंश परत सुटतो, म्हणूनच एकदा दिलेल्या मात्रेचा प्रभाव पुढील हंगामांतही दिसतो. दरवर्षी न चुकता झिंक सल्फेट विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने आधी माती तपासून घ्यावी. उभ्या पिकावर लक्षणे दिसू लागल्यास अर्धा टक्का द्रावणाची, चुन्याने उदासीन करून, फवारणी करावी; पानावर पडणाऱ्या जस्ताला मृदेचा हा पृष्ठभाग आडवा येत नाही.