डेटाबेसची ओळख : कोरी चौकट

लातूरच्या आडतीवर फोन करून कुणी नुसतं ‘तूर काय भाव?’ विचारलं, तर आडत्या ‘जात सांगितली नाही’ म्हणून फोन ठेवत नाही. लाल, पांढरी, आलेल्या मालाचे भाव सांगून मोकळा होतो. डेटाबेसला मात्र हे समजावून सांगावं लागतं.

पणन मंडळाचं दरपत्रक डोळ्यांसमोर आणा: बाजार समिती, शेतमाल, जात, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर. असाच तक्ता आपल्याकडे आहे, जिल्ह्याचा रकाना जोडलेला, आणि शोधायला तीन चौकटी आहेत: जिल्हा, शेतमाल, जात. कुणी फक्त नांदेड निवडेल, कुणी फक्त हळद, कुणी लातूर आणि सोयाबीन दोन्ही. भरलेल्या-कोऱ्या मिळून आठ तऱ्हा झाल्या. चौकटी सहा केल्या की चौसष्ट! तेवढ्या क्वेरी कोण लिहीत बसणार?

म्हणून प्रत्येक चौकटीसाठी जोडअट लिहितात: जिल्हा पाठवलेलाच नाही, किंवा ओळीतला जिल्हा पाठवलेल्याशी जुळतो. अशा तिन्ही जोडअटी ‘आणि’ने बांधायच्या. प्रत्येकीभोवती कंस हवाच, कारण ‘आणि’ हा ‘किंवा’च्या आधी लागू होतो. कंस विसरलात तर लातूर मागितल्यावर नांदेडच्या ओळीही येऊ शकतात.

काहीजण यापेक्षा आटोपशीर युक्ती करतात, कोअलेसची: ओळीतली जात पाठवलेल्या जातीइतकी असावी, आणि काही पाठवलं नसेल तर तिच्या स्वतःइतकीच. दिसायला सुबक, पण मला ती अजिबात पसंत नाही. दरपत्रकात जातीपुढे पुष्कळदा नुसत्या रेघा असतात. तक्त्यात तिथे नल, म्हणजे ‘नोंद नाही’ची खूण, ठेवला असेल, तर नल स्वतःशीसुद्धा समान ठरत नाही. तुलनेचं उत्तर ‘अज्ञात’ येतं आणि ओळ गळते. म्हणजे जात कोरी सोडून तुम्ही सगळी तूर मागितली आणि जात न नोंदवलेलीच तेवढी नाहीशी झाली. एरर नाही, काही नाही. आवकेची बेरीज कमी भरते, एवढंच.

फॉर्ममधून कोरी चौकट बहुधा नल म्हणून येत नाही, रिकामी अक्षरमाळा म्हणून येते. ओरॅकल दोन्ही एकच मानतं, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल मानत नाहीत. तेव्हा रिकाम्याचं नल आधीच करून घ्यावं.

तक्ता मोठा झाला की ‘किंवा’ची ही रचना जड जाऊ शकते. सर्व्हर क्वेरीसाठी एकदा आखलेला मार्ग पुन्हा वापरू शकतो, आणि फक्त हळद शोधणाऱ्याला सोयीचा मार्ग फक्त नांदेड शोधणाऱ्याला सोयीचा असेलच असं नाही. अशा वेळी भरलेल्या चौकटींपुरत्याच अटी जोडून क्वेरी तयार करावी. मजकूर प्रोग्रामने जोडला तरी चालेल. वापरकर्त्याने टाइप केलेली किंमत मात्र पॅरामीटर म्हणूनच जाऊ द्या, नाहीतर एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडं.

पुढच्या भागात तारखा: ‘पासून’ भरलेलं, ‘पर्यंत’ कोरं.