केळीचा भाव आणि माहितीचे व्यवस्थापन

व्यापारात संगणक आला की माहिती सर्वांना सारखीच उपलब्ध होते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. खानदेशातील बाजारव्यवहार पाहता हे गृहीत तपासून घेणे इष्ट ठरते. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ‘ई-नाम’, या योजनेची रचना बाजार-आवाराभोवती झालेली आहे: फाटकावर आवक नोंदणे, मालाची प्रत तपासणे, बोली, वजन आणि रक्कम चुकती करणे. धुळे वा दोंडाईचा येथे येणाऱ्या धान्याला हा क्रम मानवतो. रावेर-यावलच्या केळीची गोष्ट निराळी. घड बागेतच कापले जातात, तेथेच तोलले जातात व ट्रकने परस्पर उत्तरेकडे रवाना होतात. बहुतेक माल आवाराचे फाटक पाहतच नाही.

रावेर व बऱ्हाणपूर येथे जाहीर झालेला भाव मोबाइलवर क्षणार्धात बागेत पोहोचतो खरा. परंतु जाहीर भाव आणि प्रत्यक्ष हाती पडलेला भाव यांतील अंतर कोठे नोंदले जाते? तयार घड झाडावर फार दिवस ठेवता येत नाही, आणि ही अडचण व्यापारी पुरती जाणून असतो. भाव कळला म्हणून उत्पादकाला थांबता येते, असे होत नाही. (जळगावच्या केळीला २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन लाभले, त्याने संरक्षण मिळते ते नावाला.)

बागेतील तोलपावती, ठरलेला दर आणि दिलेली रक्कम ही एकाच क्रमांकाखाली नोंदली गेली, तर ही तफावत निदान मोजता येईल. अशी पावती सक्तीची कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र संगणकतज्ज्ञाच्या नव्हे, बाजार समितीच्या विचाराचा आहे.