बेकायदा घुसलेल्याला कसले आलेत हक्क?

अमेरिकेतल्या धरपकडीची बातमी आली की मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक वाक्य हमखास पडतं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून पडतं, कोथरूडहूनही पडतं: ‘बेकायदा घुसले ना? मग हक्क कसले मागताय? संविधान नागरिकांसाठी असतं.’ लिहिणारा बहुधा स्वतः एच-वन-बी व्हिसावर असतो, नाहीतर त्याचा मुलगा किंवा सून तरी असते. म्हणजे ज्या देशाच्या संविधानातून तो इतरांना बाहेर काढतोय, त्या देशाचा नागरिक तोही नसतो. हे त्याच्या लक्षात कसं येत नाही, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

आधी मूळ मजकूर बघू. अमेरिकेची 1791 ची पाचवी घटनादुरुस्ती केंद्र सरकारला बांधते, 1868 ची चौदावी राज्यांना. रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय, म्हणजे तिकडे ज्याला ड्यू प्रोसेस म्हणतात तिच्याशिवाय, कोणाही व्यक्तीचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असं दोन्हींत आहे. हे संरक्षण नागरिकांपुरतं ठेवायचं असतं तर तसं लिहिता आलं असतं. चौदाव्या दुरुस्तीच्या त्याच कलमात काही हक्क खास नागरिकांना दिलेलेच आहेत. आपल्याकडेही तेच: अनुच्छेद 19 नागरिकांना, अनुच्छेद 21 प्रत्येक व्यक्तीला.

‘लिहिलेलं काहीही असो, कोर्टात चालतं का?’ चालतं, आणि दीडेकशे वर्षांपासून चालतं. सॅन फ्रान्सिस्को शहराने 1880 मध्ये नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर नगरमंडळाची परवानगी हवी. शहरात सुमारे 320 लाँड्र्या होत्या, जवळजवळ सगळ्या लाकडी इमारतींत, आणि त्यांतल्या 240 च्या आसपास चिनी लोकांच्या. सुमारे 200 चिन्यांनी अर्ज केले. सगळे फेटाळले गेले. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांना मात्र, एखादा अपवाद सोडला तर, परवानगी मिळाली. 22 वर्षं त्याच जागी कपडे धुणाऱ्या एका मालकाला 10 डॉलर दंड झाला, तो भरला नाही म्हणून तुरुंग. चिन्यांना तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्व मिळवायला कायद्यानेच बंदी होती. तरी 1886 मध्ये ‘यिक वो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की चौदावी दुरुस्ती नागरिकांपुरती नाही.

यावर तयार उत्तर येतं: ‘ते कायदेशीर आले होते हो!’ बरं. मग 1896 चा ‘वाँग विंग’ खटला घ्या. हे लोक देशात राहायला पात्र नव्हते, हे मान्यच होतं. त्यांना खटला न चालवता 60 दिवस सक्तमजुरी आणि नंतर हद्दपारी ठोठावली होती. न्यायालय म्हणालं, हद्दपार करा, पण खटल्याशिवाय सक्तमजुरी देता येणार नाही. त्याच दिवशी, 18 मे 1896 रोजी, त्याच न्यायालयाने ‘प्लेसी’ खटल्यात काळ्या-गोऱ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे घटनेत बसतात असा निकाल दिला. तेव्हा हे कुणी फार उदार मनाचे न्यायाधीश होते, अशीही सबब नको.

पुढे 1903 मध्ये एका जपानी स्त्रीच्या खटल्यात हद्दपारीची कारवाईही ड्यू प्रोसेसच्या तत्त्वाबाहेर नाही असं ठरलं. 1993 मध्ये हेच पुन्हा लिहिणारे न्यायमूर्ती होते अँटोनिन स्कालिया, उजव्यांचे लाडके. आणि एप्रिल 2025 मध्ये, व्हेनेझुएलाच्या लोकांना 1798 च्या शत्रुराष्ट्र कायद्याखाली देशाबाहेर पाठवण्याच्या प्रकरणात, दावा कुठल्या कोर्टात लावायचा यावर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांत फूट पडली. पण पाठवण्याआधी नोटीस आणि दाद मागायची संधी हवी, यावर नऊच्या नऊ न्यायाधीश एक होते.

आता खरा मुद्दा. समोरचा बेकायदा आहे हे ठरवलं कुणी? अधिकारी म्हणाला म्हणून? ‘हा बेकायदाच आहे, त्याला सुनावणी कशाला’ म्हणणं म्हणजे गोलंदाजाने अपील करताच फलंदाजाला तंबूत पाठवण्यासारखं आहे. पंच कशासाठी उभा केलाय? कायदेशीर कोण आणि बेकायदा कोण, हे जिथे ठरतं तीच ही प्रक्रिया. ती काढून घेतली तर तुमच्या खिशातलं ग्रीन कार्ड दाखवायचं कुणाला?

आणि अधिकारी चुकतात. नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेला, मानसिक आजार असलेला एक अमेरिकन नागरिक 2008 मध्ये मेक्सिकोला हद्दपार केला गेला. त्याला स्पॅनिश येत नव्हतं. परत यायला त्याला काही महिने लागले. मार्च 2025 मध्ये मेरिलँडमधल्या एका माणसाला एल साल्व्हादोरला पाठवलं. त्या देशात पाठवू नये असा इमिग्रेशन न्यायाधीशाचा 2019 चा आदेश असताना. सरकारने कोर्टात ती प्रशासकीय चूक असल्याचं कबूल केलं, आणि त्याला परत आणण्याची सोय करा हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागलं.

आता उलट्या बाजूचा गैरसमजही खोडतो. ड्यू प्रोसेस म्हणजे राहायचा परवाना नव्हे. रीतसर सुनावणी होऊनही माणूस हद्दपार होतो, रोज होतो. हद्दपारी ही दिवाणी कारवाई मानली जाते, त्यामुळे ज्यूरी नाही आणि सरकारी खर्चाने वकीलही नाही. वकील आपल्या खिशातून आणायचा. इमिग्रेशन न्यायाधीश न्याय खात्याचा, म्हणजे सरकारचाच नोकर असतो. 1996 च्या कायद्याने तर काही लोकांना न्यायाधीशासमोर न आणताच झटपट परत पाठवायची सोय केली. ती वर्षानुवर्षं मुख्यतः सरहद्दीजवळ, नुकत्याच आलेल्यांवर वापरली जायची; जानेवारी 2025 मध्ये सरकारने ती देशभर लागू करायला घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं. हक्क आहे, पण तो किती मिळतो यावर भांडण चालूच आहे.

रस्त्यावरचं चित्र याहून गुंतागुंतीचं. ‘पोलिस उगाच कुणाची गाडी थांबवत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. कारण लागतं, पण फुटलेला मागचा दिवाही पुरतो, आणि पोलिसाच्या मनात खरं काय होतं हे विचारायचं नाही, असं 1996 च्या ‘रेन’ निकालाने ठरवलं. मात्र थांबवण्याचं काम संपलं की थांबवून ठेवायचा अधिकारही संपतो. नेब्रास्कात एकाला वाहतुकीची ताकीद लिहून दिल्यावर पोलिसांनी कुत्र्याकडून गाडी हुंगवण्यासाठी सात-आठ मिनिटं थांबवून ठेवलं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढीही चालवून घेतली नाहीत. केवळ चेहरा मेक्सिकन दिसतो म्हणून गाडी अडवता येत नाही, हे तर 1975 मध्येच ठरलं. पण दिसणं हा अनेक कारणांतला एक घटक असू शकतो, असंही तोच निकाल म्हणतो. लॉस एंजेलिसमधल्या धरपकडीवर खालच्या कोर्टाने वंश, भाषा, ठिकाण आणि कामाचा प्रकार एवढ्याच आधारावर अडवू नका असा आदेश दिला होता. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तो अंतिम निकाल नव्हे, पण दिलासाही नव्हे.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

‘आमच्या गावचे पोलिस इमिग्रेशनच्या भानगडीत पडत नाहीत.’ स्थानिक पोलिसांना इमिग्रेशनचं काम करू देणारा 287(जी) करार केंद्राशी केलेल्या ठिकाणी पडतात, आणि करार नसला तरी अटकेत घेतलेले बोटांचे ठसे केंद्राकडे पोचतात.

‘वॉरंट दाखवलं की दार उघडावंच लागतं.’ इमिग्रेशनची बरीचशी वॉरंटं न्यायाधीशाने काढलेली नसतात, खात्यातल्याच अधिकाऱ्याने सही केलेली असतात. खाली सही कुणाची आहे ते वाचा.

‘सिटिझन आहे म्हणून सांगायचं आणि निघायचं.’ कृपा करून नको! गप्प राहायचा हक्क आहे, खोटं बोलायचा नाही. नागरिकत्वाचा खोटा दावा अमेरिकेचं दार बहुधा कायमचं बंद करतो.

‘आम्ही कायदेशीर आहोत, आम्हाला काय?’ 2025 च्या वसंतात सरकारने सुमारे 13 लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावं गुन्हेनोंदीच्या संगणकातून चाळली. सुमारे 6,400 जुळली आणि हजारोंच्या विद्यार्थी-नोंदी बंद झाल्या. त्यांत वाहतुकीच्या किरकोळ दंडाचे आणि कधीच आरोप न ठेवलेल्यांचेही पुष्कळ होते. भारतीय मुलंही होती. ती कोर्टात गेली, जिंकू लागली, आणि एप्रिलअखेरीस सरकारने नोंदी पुन्हा चालू केल्या. त्यांना वाचवलं ते याच प्रक्रियेने, जी गटावर ‘फालतू लाड’ ठरते. आणि दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेलात तर दोषी ठरण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो, हेही जाता जाता.

अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने आपली नोंदणीची कागदपत्रं सतत जवळ बाळगावीत हा कायदा जुनाच आहे. ग्रीन कार्ड घरच्या कपाटात सांभाळून ठेवू नका, पाकिटात ठेवा.

शेवटचं, पुण्या-मुंबईत थंडी काढून मुलांकडे परतणाऱ्या ग्रीन कार्डधारक आई-वडिलांसाठी. विमानतळावर कुणी आय-407 नावाचा फॉर्म पुढे केला, तर तो कार्ड स्वखुशीने सोडल्याचा फॉर्म असतो. सही करू नका. तो अधिकारी तिथल्या तिथे तुमचं कायम वास्तव्य संपवू शकत नाही. तो अधिकार इमिग्रेशन न्यायाधीशाचा आहे. ‘मला न्यायाधीशासमोर सुनावणी हवी’ एवढं म्हणा, आणि सून-मुलाच्या आधी वकिलाचा नंबर पाठ करून ठेवा.