चाकांवरचं बिऱ्हाड – भाग ७ : डबा आधी की चारही चाकं?

मागच्या आठवड्यात नव्या-जुन्याचा हिशेब मांडला आणि तेव्हापासून एकच प्रश्न कानावर येतोय. चहाच्या टपरीवरही तोच. "ते सगळं खरं भाऊ, पण राहायला फोर बाय फोर व्हॅन कोणती घ्यायची ते सांगा ना."

उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. आत उभं राहता येईल आणि चारही चाकं ओढतील अशी कारखान्यातून निघालेली व्हॅन आपल्या जुन्या बाजारात जवळजवळ नाहीच. मोबाईलवर दिसतात त्या मित्सुबिशीच्या डेलिका, मर्सिडीजच्या स्प्रिंटर किंवा फोक्सवॅगनची सिंक्रो. ही सिंक्रो तर ऑस्ट्रियात ग्राझला बनायची, आणि तिचं हे रूप १९९२ सालीच थांबलं. अशी एखादी बाहेरून आणावी म्हटलं, तर वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच लागतं आणि ती उतरवायची फक्त मुंबई बंदरात. वर आयात शुल्क. तो नाद सोडलेला बरा.

म्हणजे आपल्याकडे डबा एका घरी आणि फोर बाय फोर दुसऱ्या घरी. डबा म्हणजे फोर्सची ट्रॅव्हलर नाहीतर टाटाची विंगर. ट्रॅव्हलरची मागची चाकं ओढतात, विंगरची पुढची. दुसऱ्या घरी आहेत मारुतीची जिप्सी, सुमो आणि सफारीचे फोर बाय फोर नमुने, फोर्सची गुरखा, आणि पिकअपमध्ये बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन, इसुझूची व्ही-क्रॉस. या दोन घरांची सोयरीक जुळवायची की एकाच घरी सुखानं नांदायचं, एवढाच निर्णय आहे. तो घेताना बाकी काही पाहण्याआधी स्वतःच्या दारातला रस्ता पाहावा.

गोंदियाला खेटून असलेल्या आमच्या फुलचुरात घरांच्या ओळी संपल्या की धानाच्या बांध्या लागतात. आषाढात रोवणी सुरू झाली की पांदण रस्त्यावर बैलबंडीसुद्धा आसापर्यंत रुतते. तिथे फोर बाय फोर नेलेली मी पाहिली आहे. चिकण माती टायरच्या खाचांत भरून बसते, टायर गुळगुळीत गोळा होतो, आणि मग दोनऐवजी चार चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. चाकोरी खोल गेली की मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकतं. एकदा पोट टेकलं की किती चाकं ओढतात याला काही अर्थ उरत नाही; ट्रॅक्टर बोलवायचा. उलट धान कापून झालं की तीच पांदण विटेसारखी कडक होते. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या गाड्या दिवाळीनंतर गावोगाव फिरतात, सामान भरून, रात्रीच्या रात्री. त्यांना फोर बाय फोर कधी लागत नाही.

मग लागते कधी? या दोन टोकांच्या मधल्या जागी. दरेकसाकडची ओली चढण, वैनगंगेच्या पात्रातली सुटी रेती, मुक्कामाच्या माळावर रात्री पाऊस पडून गेल्यावरचं सकाळचं निसरडं गवत. राहण्याच्या गाडीत हे शेवटचं फार महत्त्वाचं. चालत्या गाडीला वेग असतो. मुक्कामाची गाडी उभ्यानं निघते आणि तीही भरल्या संसारासकट.

म्हणून माझं मत असं: ज्याला वर्षातले बरेच दिवस डांबरी आणि मुरुमाच्या रस्त्यांवर काढायचे आहेत, त्यानं साधी ट्रॅव्हलर घ्यावी. पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि जड सामान मागच्या आसाच्या आसपास ठेवावं. वजन ओढणाऱ्या चाकांवर आलं की पकड वाढते, ही फुकटची अर्धी फोर बाय फोर. विंगरमध्ये हेच उलटं पडतं. चढणीवर वजन मागे सरकतं, त्यात घरही मागेच बांधलेलं, आणि ओढणारी पुढची चाकं हलकी होऊन घसरतात. विंगर वाईट गाडी नाही, रस्त्यावर मऊ चालते. पण ओल्या चढावर मला ती नको. सोबत एक फावडं आणि दोन जाड फळ्या. एवढ्यावर भागत असेल तर पुढचा मजकूर करमणूक म्हणून वाचा.

ज्यांना तरीही चारही चाकं हवीत, त्यांनी पिकअप घेऊन तिच्या हौद्यावर टोप चढवण्याचा विचार करावा. एक अडचण आधीच सांगतो. दोन ओळी सिटांच्या पिकअपचा हौदा साधारण दीड मीटरच लांब असतो. माणूस त्यात सरळ मावत नाही. तिरपं झोपावं लागतं किंवा मागचं फाळकं पाडून त्यावर पाय ठेवावे लागतात. सुमो-सफारीत मागची सीट दुमडून झोपता येतं, पण बसल्यावर डोकं छताला लागतं. गुरखा दणकट, पुढे-मागे डिफरन्शिअल लॉक असलेली. आतून मात्र ती राहायला नव्हे, जायला केलेली गाडी आहे. जिप्सीत राहणं म्हणजे कपाटात राहणं.

आणि जोंगा. जबलपूर इथून लांब नाही. तिथल्या लष्करी वाहन कारखान्यात निसान पेट्रोलवरून बेतलेली ही गाडी १९६९ पासून तीस वर्षं बनली. नावातच जबलपूरची आयुध आणि तोफगाडी जुळणी दडलेली आहे. जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. महेंद्रसिंग धोनीनं २०१९ मध्ये एक घेतली तेव्हा सगळ्यांना तिची आठवण झाली. घेऊन अंगणात उभी करायला सुंदर. राहायला घेणाऱ्यानं एका लिटरमध्ये ती किती जाते ते विकणाऱ्याला विचारावं आणि त्याचा चेहरा पाहावा.

आता प्रत्यक्ष पाहणी. फोर बाय फोर गाडी विकणारा माणूस ठामपणे सांगतो, "एकदम चालू आहे, लावून पाहा." आणि डांबरी रस्त्यावर लावून दाखवतो. तिथेच थांबवा. या बहुतेक गाड्यांत चारही चाकं सतत ओढत नाहीत; गरज पडली की गिअरपेटीला लागून असलेली ट्रान्स्फर केस पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकत्र बांधते. बांधल्यावर दोन्ही शाफ्ट सारखेच फिरतात. पण वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. हा फरक कुठे तरी निघावा लागतो. चिखलात, मुरुमावर एखादं चाक किंचित घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर टायर घसरत नाही, मग तो ताण गिअरच्या दात्यांत आणि क्रॉसमध्ये जातो. डांबरावर लावून वळवून दाखवणाऱ्या मालकानं आजवर गाडी कशी वापरली असेल, ते त्यातच कळलं.

गाडी मुरुमाच्या मोकळ्या जागेवर न्या. हाताने फिरवायचे हब असतील, तर आधी उतरून ते लॉक करा. फोर बाय फोर टाका, शंभर-दोनशे फूट सरळ चालवा. मग अगदी चालण्याच्या वेगानं स्टिअरिंग पूर्ण वळवा. गाडी अडल्यासारखी, आखडल्यासारखी वाटली पाहिजे. हा आखडलेपणा दोष नव्हे; पुढची चाकं खरोखर जोडली गेल्याची ती खूण आहे. काहीच फरक जाणवला नाही तर दिवा लागतोय, दांडा पडतोय, पण पुढे ताकद पोहोचत नाही असं समजा. परत टू-व्हीलमध्ये घेताना दांडा अडला तर दोन-चार फूट मागे घ्या, सुटतो. जोरानं ओढू नका आणि मालकालाही ओढू देऊ नका.

सफारी, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत दांड्याऐवजी बटण असतं. बटणाच्या गाडीत मालकानं चार वर्षांत एकदाही ते फिरवलं नसेल, तर आतली छोटी मोटर जाम झालेली असण्याची शक्यता मोठी. "आम्ही कधी वापरलंच नाही, नव्यासारखं आहे" हे वाक्य इथे कौतुकाचं नाही. महिन्यातून एकदा वापरलेलं फोर बाय फोर मला न वापरलेल्यापेक्षा प्रिय.

आणि टायर. चारही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे आहेत का ते वाकून पाहा. पुढे नवे आणि मागे घासलेले असतील तर त्यांचा घेर वेगळा; मग सरळ रस्त्यावरसुद्धा दोन आसांत तीच ओढाताण चालू राहते. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री गाडी पाहायला गेले की बॉनेट उघडतच नाहीत. आधी चारही टायरवर हात फिरवतात, मग गाडीखाली आडवे होऊन ट्रान्स्फर केसच्या खाली बोट लावून वास घेतात. ऑइल जळकं लागलं तर चहा न पिताच निघतात.

इंजिनबद्दल मी थोडक्यात आवरतो, कारण ते प्रत्येक जण पाहतोच. सकाळी जा, बॉनेटला हात लावून गाडी थंड आहे याची खात्री करा, पहिला सेल्फ स्वतः मारा, सुरू झाल्यावर मोबिलचं झाकण उघडून भकाभका धूर येतो का पाहा. इंजिन उतरवून बांधता येतं. गंज बांधता येत नाही.

आपल्याकडे मीठ लागलेली कोकणातली गाडी नको असं सगळे म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण विदर्भातली म्हणजे कोरडी, हा भ्रम. चार महिने अंगावर पाऊस आणि पाट्यांच्या, चेसिसच्या बेचक्यांत अडकलेला बांधीचा चिखल. तो दिवाळीपर्यंत ओलाच असतो. त्यात गोंदियाच्या उन्हाळ्यानं दारा-खिडक्यांचे रबर करपलेले, म्हणजे पुढच्या पावसात पाणी आत. एक साधं चुंबक घ्या, रंगाला ओरखडा नको म्हणून फडक्यात गुंडाळा आणि चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, छताची पन्हळ यांवरून फिरवा. जिथे ते सैल पडतं तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग तळाचं रबरी अंथरूण उचलायला लावा. मालक का-कू करत असेल तर उत्तर मिळालं. वापरातल्या गाडीच्या तळाला एखादं भोक चालतं. घर करायच्या गाडीत त्याच तळावर प्लाय, पलंग आणि ओटा ठोकल्यावर ते पुन्हा कधीच दिसणार नाही.

कागदांवर मी दोनदा पस्तावलोय, म्हणून हे सावकाश वाचा. आमचा जिल्हा दोन राज्यांच्या बेचक्यात. पलीकडे बालाघाटची एमपी ५०, तिकडे राजनांदगावची सीजी ०८, आणि तिथली गाडी स्वस्त दिसते. स्वस्ताईत इथला रोड टॅक्स पुन्हा भरायचा हिशेब धरलेला नसतो. मूळ कार्यालयाचं ना हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसी पुस्तकाशी ताडून पाहा. आरटीओतही हेच करतात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांची. पिकअप आणि ट्रॅव्हलर बहुधा पिवळ्या पाटीच्या असतात. त्यांना ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो आणि त्यांत कायम राहायचं तर नोंदणीचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. सरकारी लिलावातली १५ वर्षांपुढची जीप मात्र भंगारातच जाणार. सरकारी गाड्यांची नोंदणी त्यापुढे वाढवणं १ एप्रिल २०२३ पासून बंद झालं आहे.

सगळ्यात मोठी मेख शेवटी. पलंग-ओटा बसवणं हा कायद्याच्या नजरेत गाडीतला फेरफार. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल दोन्ही कडक आहेत: कारखान्यानं दिलेल्या मूळ मापाशी विसंगत बदल चालणार नाही. कॅराव्हॅनसाठी वेगळं मानक आहे, एआयएस १२४. मान्यताप्राप्त कारागिराकडून त्याप्रमाणे काम करून घेतलं तर मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंद होऊ शकते. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. एकट्या हौशी माणसाला हा रस्ता लांबचा पडतो. म्हणून बरेच जण सीट आणि सांगाडा जसाच्या तसा ठेवतात आणि आत उचलून बाहेर काढता येईल असं सामान करतात. मीही तेच सुचवेन. खिळा ठोकायचा मोह आवरा. गाडी विकतानाही ती मग गाडीच राहते.

आणि वजन. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यात प्लाय, गॅस, बॅटऱ्या, दोन माणसं. हे सगळं मिळून पुस्तकावर लिहिलेल्या एकूण वजनाच्या आत बसतं का, ते कागदावर मांडून पाहा. जुने पाटे आधीच बसलेले असतात.

एवढं पाहून झालं की इसार देण्याआधी मालकाकडे अर्धा तास मागा. भर दुपारी, गाडी उन्हात उभी असताना, दारं लावून आत आडवे व्हा. टेपचं माप सहा फूट दाखवत असलं तरी गुडघे कुठे लागतात, डोक्याखाली आसाचा उंचवटा येतो का, छताला हात लावला तर चटका बसतो का, रात्री उठून चप्पल कुठे सापडेल, ते पाहा. मालक बाहेरून काचेवर टकटक करील. करू द्या.

पुढच्या आठवड्यात : छत, ऊन आणि पाणी.