डच गुत्ता आणि हुगळीचा काठ

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या पूर्व तीरावर बजबज वसले आहे. सतराव्या शतकात येथूनच डच जहाजे वर हुगळीच्या वखारीकडे जात आणि परतताना रेशीम, सोरा, अफू नेत. अशा व्यापाराने संपन्न झालेल्या हॉलंडातील नागरिक घरासाठी चित्रे विकत घेऊ लागले, आणि साधुसंतांच्या चित्रांशेजारी गुत्त्यातील गिऱ्हाइकांचीही चित्रे लागली.

आद्रियान ब्राउवर याचे सुमारे १६३६ मधील धूम्रपान करणाऱ्यांचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. एक जण एक नाकपुडी दाबून दुसरीतून धूर सोडतो. मध्यभागी पेला धरून, डोळे विस्फारून धूर सोडणारा इसम म्हणजे खुद्द ब्राउवर. विरणारा धूर नश्वरतेची खूण मानला जाई खरा, पण येथे उपदेशापेक्षा मौजच अधिक. त्या काळी डच लोक तंबाखू ‘पीत’; बंगाली माणूस सिगारेट ‘खातो’! यान स्टेन या चित्रकाराने तर १६७२ साली लायडन येथे गुत्त्याचा परवानाच घेतला.

हेंड्रिक वान स्क्यूलेनबुर्ख याने १६६५ साली हुगळीची वखार रंगविली. तो हिंदुस्थानात आल्याची नोंद नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयातील, तीन मीटरहून रुंद अशा या चित्रात वखारीच्या भिंती, बागा, जहाजे नेटकी आहेत. तटाबाहेरची माणसे मात्र चिमुकली. त्यांत नजरेत भरतात ते गळाला टांगून घेतलेले भाविक आणि सती जाणारी विधवा. डच दारुड्याचा चेहरा ब्राउवरने जितक्या जवळून पाहिला, तितक्या जवळून येथील एकही नावाडी या चित्रात दिसत नाही.