इंटर्नलचे ७२ मार्क जातात कुठे?

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला माझ्या मावसभावाचा फोन आला. इथेच सिडनीत राहतो, बारावीला आहे. "ताई, केमिस्ट्रीला इंटर्नलमध्ये ७२ आलेत. संपलं सगळं." मागून मावशीचा आवाज, "तरी म्हणत होते, त्या दुसऱ्या शाळेत घाला. तिथे मार्क सढळ हाताने देतात!"

तर आजचा भाग या 'सढळ हाता'वर.

इथल्या बारावीलाही एचएससीच म्हणतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा हमखास गोंधळ होतो. पण हिशोब वेगळा आहे. न्यू साउथ वेल्समध्ये प्रत्येक विषयाचे निम्मे मार्क शाळेतल्या वर्षभराच्या कामाचे आणि निम्मे शेवटच्या बोर्डाच्या पेपरचे. आता एक शाळा कडक, दुसरी उदार. म्हणून नेसा, म्हणजे इथलं बोर्ड, शाळेने दिलेला आकडा तसाच घेत नाही. घेतं काय, तर तुमचा त्या विषयात नंबर कितवा आणि पुढच्या-मागच्या मुलापासून तुमचं अंतर किती. प्रत्यक्ष मार्क ठरतात ते तुमच्याच शाळेतल्या मुलांनी त्या विषयाच्या बोर्डाच्या पेपरात काय केलं त्यावरून.

समजा वर्गात तिघंच आहेत. शाळेने दिले ९०, ८० आणि ७०. बोर्डाच्या पेपरात पहिलीला पडले ७८, दुसऱ्याला ८६, तिसऱ्याला ६४. मग इंटर्नल नव्याने बसवतात: पेपरातले सर्वांत जास्त ८६ जातात शाळेत पहिली आलेल्या मुलीला, मधल्याला ७८, शेवटच्याला ६४. हो, ८६ दुसऱ्याने मिळवले, तरी इंटर्नलला ते पहिलीचे! दोघांचीही सरासरी येते ८२. (खऱ्या वर्गात मुलं जास्त असतात, गणित किचकट होतं, पण तत्त्व हेच.)

म्हणजे शाळेने सगळ्यांना दहा-दहा मार्क वाढवून दिले तरी नंबर तेच, अंतर तेच. फायदा शून्य. मावशी, ऐकते आहेस ना?

आता कबुलीजबाब. मी बारावीत असताना माझ्या इंग्लिशच्या नोट्स मैत्रिणींना दाखवायचे नाही. मला वाटायचं, तिचा एक मार्क वाढला की माझा कमी. नंबरापुरतं ते खरंही आहे. पण बोर्डाच्या पेपरात ती चांगली लिहिती, तर आमच्या सगळ्या वर्गाचं इंटर्नल वर गेलं असतं, माझंही. हे मला कळलं निकालानंतर. अजून तिला सांगितलेलं नाही.

स्केलिंग हे पुन्हा निराळं प्रकरण. ते नेसा करत नाही. एटार काढताना युएसी ही संस्था करते, आणि दरवर्षी नव्याने करते. "अवघड विषय घे, स्केलिंग चांगलं मिळतं" हे तुम्ही प्रत्येक गेट-टुगेदरला ऐकलं असेल. पण अवघडपणाचं बक्षीस असं काही नसतं. तो विषय घेणारी मुलं त्यांच्या बाकीच्या विषयांत कशी आहेत, हे बघितलं जातं. मॅथ्स एक्स्टेन्शन टू वर जातो तो त्यामुळे. आणि त्यात तुम्ही तळाला राहिलात, तर स्केलिंग काही उचलून धरत नाही.

शिवाय एटार म्हणजे टक्के नव्हेत. ८० एटार म्हणजे साधारण आपल्या वयाच्या ८० टक्के मुलांच्या पुढे. सीईटीचा पर्सेंटाइल माहीत असणाऱ्यांना हे पटकन कळेल. वरचं टोक ९९.९५, १०० नाहीच. माझा ८८ ऐकून आजीने सांगलीहून विचारलं होतं, "बारा कुठे गेले गं?"

तर भावाला मी उलट विचारलं, ७२ सोड, नंबर कितवा? म्हणाला, चौथा, आणि तिसऱ्यापेक्षा फक्त दोनने मागे. एक मोठा टास्क अजून बाकी आहे. म्हटलं, झोप आता. रविवारी त्याने वर्गातल्या दोघांना घरी अभ्यासाला बोलावलंय.

मावशीला अजून पटलेलं नाही. पुढच्या भागात तिलाच माइकसमोर बसवते.