कुलपाचे सेल आणि आईचा कुकर

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही दोघे रुवीला कामावर, मुले शाळेत आणि साताऱ्याहून आलेली आई अल अमेरातच्या घरी एकटी. साडेअकराच्या सुमारास तिने कुकर लावला आणि कचऱ्याची पिशवी ठेवायला जिन्यापर्यंत गेली. वाऱ्याने दार ओढले गेले आणि कुलूप आपोआप लागले. तिने पाठ केलेले आकडे दाबले. ना दिवा लागला, ना आवाज झाला. मोबाइल आत, चष्मा आत, गॅस चालू, आणि बंद दाराआडून शिट्ट्या ऐकू येताहेत!

समोरच्या मल्याळी वहिनींनी आम्हाला फोन केला. पण वादी अदईच्या रस्त्याने कितीही घाईने निघालो, तरी अर्धा तास लागणारच. दाराची जादा किल्ली होती, नाही असे नाही. ती स्वयंपाकघरातल्या खणात सुरक्षित ठेवलेली होती, म्हणजे बंद दाराच्या आत.

दार उघडले ते इमारतीच्या वॉचमनने. त्याने नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मागितला. तो वहिनींच्या मुलाच्या गिटारमध्ये निघाला. कुलपाच्या खालच्या कडेला धातूच्या दोन टिकल्या असतात, तिथे त्याने सेल टेकवून धरला, आईने आकडे दाबले आणि दार उघडले. डाळ करपली, कुकरचा व्हॉल्व्ह गेला, एवढ्यावर निभावले. आई म्हणाली, "डाळीचं काही नाही गं, पण आपलंच घर आपल्याला आत घेईना, त्याची भीती वाटली."

खरे सांगायचे तर चूक आमचीच होती. दोन आठवडे ते कुलूप दार उघडताना बारीक टुकटुक करीत होते. "बघू शुक्रवारी," असे म्हणत दोन शुक्रवार गेले.

अशी कुलपे आता आपल्यापैकी बऱ्याच घरांना आहेत, म्हणून पुढची माहिती देत आहोत.

बहुतेक कुलपांत चार पेन्सिल सेल असतात. प्रत्येकी दीड व्होल्ट, म्हणजे एकूण सहा. आकड्यांचे दिवे लावायला थोडी वीज पुरते, पण आतली मोटर फिरवायला क्षणभर जोराचा प्रवाह लागतो. म्हणून कधी दिवे लागतात आणि दार मात्र उघडत नाही. उष्णतेत सेल नुसते पडूनही लवकर उतरतात. आपल्या शेजारच्या कुरियातला जून २०१८ मध्ये चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांखाली उतरला नव्हता. तेव्हा पाकिटावर लिहिलेल्या मुदतीवर इथे फार विसंबू नये. जादा सेलही गाडीत ठेवू नयेत.

सेल अल्कलाइनच घ्यावेत. हे १९५९ च्या सुमारास बाजारात आले. त्याआधीच्या साध्या जस्त-कार्बन सेलपेक्षा ते जास्त टिकतात आणि हळूहळू उतरतात, त्यामुळे कुलपाला आधी सूचना देता येते. लिथियमचे सेल शेवटपर्यंत जोर धरतात आणि मग एकदम बसतात, त्यामुळे सूचना मिळते ती फार उशिरा. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८ च होतात, म्हणून कुलूप पहिल्या दिवसापासून कुरकुरते. कुलपाच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर अर्थात तसे करावे.

सेल बदलताना दार उघडे ठेवावे. चारही सेल एकदम बदलावेत, जुन्यात नवे मिसळू नयेत. अधिक-उणे खुणा पाहून बसवावेत. आत पांढरी भुकटी दिसली तर सेल पाझरला आहे असे समजावे. तो क्षार कातडीला व डोळ्यांना बाधतो. हातमोजे घालून, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात कापसाचा बोळा किंचित भिजवून पुसावे आणि कोरडे करावे. सेल काढले म्हणून आकडे सहसा पुसले जात नाहीत, पण दार उघडे असतानाच दोन-तीनदा कुलूप लावून-उघडून पाहावे. मगच दार लोटावे.

सेल दोन-तीन महिन्यांतच संपत असतील, तर दोष बहुधा दाराचा असतो. उन्हाने दार फुगले की खटका चौकटीला घासतो आणि मोटरला जास्त जोर लावावा लागतो. अशा वेळी आधी सुतार बोलवावा.

जादा किल्ली घराबाहेर, विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. नऊ व्होल्टचा एक सेलही त्यांच्याकडे असू द्यावा. काही कुलपांना टिकल्यांऐवजी चार्जरचे भोक असते, तिथे पॉवर बँक चालते. आपल्या कुलपाला काय आहे ते आजच वाकून पाहावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना स्वतःच्या हाताने एकदा करायला लावावे. आम्ही आईला आकडे शिकवले होते, हे शिकवले नव्हते. आत लहान मूल किंवा पेटता गॅस असेल आणि दार उघडत नसेल, तर वेळ न दवडता ९९९९ ला फोन करावा.

राहता राहिली आठवण ठेवण्याची गोष्ट. पाडवा आणि दसरा यांच्यात साधारण सहा महिन्यांचे अंतर असते. पाडव्याला बदललेले सेल उन्हाळा व सुट्टीतली भारतवारी काढतात, आणि दसऱ्याला आपण हत्यारे-अवजारे पुजतोच, त्यांत कुलूपही धरावे. आमच्या घरी यंदा पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर आईनेच खणातून नवे सेल काढले आणि दार उघडे धरून म्हणाली, "घाला आधी हे, मग श्रीखंड."